करुणाध्यानात मुलाला डोळ्यांसमोर आणलं की रडूच कोसळतं. पुढे कसं जायचं?

निजेची_वाट

नमस्कार. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय.

माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले असं निदान आहे. बसायला उशीर, चालायला उशीर, बोलणं म्हणजे मोजके शब्द आणि बाकी सगळं माझा हात धरून ओढत नेणं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं हाताने करायला शिकवणारी), स्पीच, फिजिओ चालू आहे. घरी करायच्या व्यायामांची यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे आणि ती कधीच पूर्ण होत नाही. रात्री तो उठतो, त्याच्याबरोबर मी उठते.

सेंटरमधल्या समुपदेशक बाईंनी मला करुणाध्यान सुचवलं आणि वीस मिनिटांचं एक रेकॉर्डिंग दिलं. त्यात आधी स्वतःसाठी म्हणायचं, 'मी सुखी असो, मी सुरक्षित असो', आणि मग आपल्या मुलाला डोळ्यांसमोर आणून 'तुझं दुःख दूर होवो' म्हणायचं. पहिल्या भागात मला काहीच वाटत नाही, कोरडंठाक. उलट चिडचिड होते. मला आत्ता सुख नकोय, झोप हवी आहे.

दुसरा भाग सुरू झाला की तो डोळ्यांसमोर येतो, पण आजचा नाही. दहा वर्षांचा येतो, पंचवीस वर्षांचा येतो, मी नसताना कुठेतरी एकटा बसलेला दिसतो. छाती आवळून येते आणि रडू थांबत नाही. डोळे उघडते तेव्हा बसण्याआधी होते त्याहून जास्त थकलेली असते आणि पुढचा तासभर त्याच्याकडे बघवत नाही. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, येऊ द्या, मोकळं होतंय. पण मला मोकळं वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणी हे केलंय का? असं रडू येणं चालतं का, की हे माझ्यासाठी नाहीच? आणि ह्याचा खरंच काही उपयोग होतो का? फ्रिजवरच्या यादीत आणखी एक ओळ वाढवायची माझी तयारी नाही.

बाबा_गाडीतच

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिलाही डिले आहे. तिचं सेशन चालू असताना मी गाडीत बसून श्वासाचं ध्यान करतो, करुणेचं नाही. त्यामुळे तुमच्या मुख्य प्रश्नावर मी बोलू शकत नाही.

एकच सांगावंसं वाटतं. रडू फक्त ध्यानात येतंय की दिवसभर येतंय, हे बघा. भूक गेली असेल, मुलगा झोपलेला असतानाही झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. माझ्या बायकोच्या बाबतीत ते नैराश्य निघालं. औषध सुरू झाल्यावर ती माणसांत आली. ध्यान तिने त्यानंतर सुरू केलं.

थोरलीची_आई

ताई, तुम्हाला रडू येणं अगदी अपेक्षित आहे. रेकॉर्डिंगमधला क्रम तुमच्यासाठी उलटा आहे. मुलाला इतक्या लवकर समोर आणायचंच नसतं.

माझी थोरली आता एकोणीस वर्षांची आहे. जन्माच्या वेळी तिला ऑक्सिजन कमी पडला आणि विकासाचा प्रत्येक टप्पा उशिरा आला, काही आलेच नाहीत. मी गेली काही वर्षं पालकांच्या एका छोट्या गटात हे ध्यान घेते. तुम्ही लिहिलंय ते मी जवळपास प्रत्येक नव्या आईकडून ऐकते. बाबा मंडळी तेच दुसऱ्या शब्दांत सांगतात, डोकं जड झालं, बसवेना, उठून गेलो.

ही अडचण फार जुनी आहे. पाचव्या शतकात बुद्धघोष ह्या बौद्ध आचार्यांनी विशुद्धिमग्ग ह्या ग्रंथात मैत्रीभावना, म्हणजे दुसऱ्याचं भलं चिंतण्याची भावना, कशी वाढवावी हे पायरीपायरीने लिहिलं. सुरुवातीला कोणाला घेऊ नये हेही त्यात आहे. नावडता माणूस घेऊ नये, वैरी घेऊ नये, हे आपल्यालाही सुचलं असतं. पण त्याच यादीत अतिप्रिय माणूसही आहे. कारण असं दिलंय की त्याच्यावर थोडंसं संकट आलं तरी ध्यान करणाऱ्याला रडू येतं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. दीड हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी हे माहीत होतं, आणि आपल्याला मात्र जिवापाड जपलेलं, रोज धडपडणारं मूल पहिल्याच दिवशी समोर ठेवायला सांगतात.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, ती मी गटात प्रत्येक वेळी सांगते. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, आणि जवळचा शत्रू शोक. जवळचा अशासाठी की तो तिच्याच वेषात येतो. तुम्ही करुणेसाठी बसता, प्रेमानेच बसता, आणि शोक कधी सुरू झाला ते कळतही नाही. बाई म्हणाल्या तसं कधीकधी रडून हलकं वाटतं, नाही असं नाही. पण रडून झाल्यावर मुलाकडे बघवत नसेल तर ती करुणा नव्हे. करुणेनंतर माणूस मुलाच्या जवळ जातो. खूण म्हणून एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आता प्रयोगशाळेतली गोष्ट. मातिये रिकार हे फ्रेंच बौद्ध भिक्खू २००७ साली मास्ट्रिख्टच्या एका प्रयोगशाळेत टानिया सिंगर ह्या शास्त्रज्ञबाईंबरोबर काम करत होते. मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना त्यांनी दुसऱ्याचं दुःख फक्त स्वतःत अनुभवायचं, करुणा आणायची नाही, असं ठरलं होतं. आदल्या रात्री त्यांनी रुमानियातल्या अनाथाश्रमातल्या अपंग मुलांवरचा माहितीपट पाहिला होता, तीच मुलं त्यांनी डोळ्यांसमोर आणली. तासाभराच्या आत ते पार गळून गेले. आयुष्यभर ध्यान केलेला माणूस. मग त्यांनी करुणेकडे वळायची मुभा घेतली. मुलं तीच, दुःख तेच, पण आता त्यांच्याकडे प्रेमाने आणि त्यांच्या भल्याच्या इच्छेने जायचं होतं. तेव्हा थकवा गेला आणि त्यांना बळ आल्यासारखं वाटलं.

पुढे ओल्गा क्लिमेकी, सिंगर आणि सहकाऱ्यांनी हेच साध्या, ध्यानाची सवय नसलेल्या लोकांवर तपासलं. लोकांना आधी दुःखाशी समरस व्हायला शिकवलं, तर त्यांच्या नकारात्मक भावना वाढल्या. त्यांनाच नंतर करुणेचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा त्या पुन्हा उतरल्या आणि सकारात्मक भावना वाढल्या. मेंदूतले सक्रिय भागही दोन्ही वेळी वेगळे होते.

हे एवढं लांबण लावलं कारण आपल्यासारख्यांना मुलाचं दुःख 'जाणवून घ्यायचं' प्रशिक्षण लागतच नाही. ते आपण रात्रंदिवस करतो. त्याच्या श्वासाची लय बदलली तरी आपल्याला दुसऱ्या खोलीत जाग येते. ध्यानात पुन्हा तेच करायचं म्हटलं तर थकवा येणारच.

मग करायचं काय? सुरुवात अशा कोणापासून करा ज्यांनी तुम्हाला सांभाळलं. आजी, मावशी, शाळेतल्या बाई, बाळंतपणात रात्रभर बाजूला उभी राहिलेली नर्स. नातं गुंतागुंतीचं असेल तर ते माणूस नको. अगदी घरातलं मांजरही चालतं, हे मी मनापासून सांगतेय. आजकालचे बरेच अभ्यासक्रमही अशाच, कोणीतरी आपली काळजी घेतल्याच्या आठवणीपासून सुरू होतात. त्या माणसाचा चेहरा, हात, आवाज आठवायचा. त्यांचं भलं व्हावं असं मनात म्हणायचं. शब्द छापील नकोत, तुमच्या तोंडी असतात तेच. मग त्यांच्या शेजारी स्वतःला बसलेलं बघायचं आणि त्यांनी तुम्हाला काय म्हटलं असतं ते ऐकायचं. स्वतःबद्दलचा कोरडेपणा बहुतेकदा इथे सुटतो. आपण स्वतःला काही देऊ शकत नसलो तरी त्यांच्याकडून घेता येतं.

'मी सुखी असो' ह्यावर राग येत असेल तर ते वाक्य सोडून द्या. तुम्हाला आत्ता खरं वाटेल असं वाक्य घ्या. 'आजचा दिवस मला झेपो.' 'आज रात्री सलग झोप मिळो.' झोप हवी असेल तर झोपच मागावी.

हे करतानाही कधी एकदम भडभडून येईल. क्रिस्टोफर जर्मर आणि क्रिस्टिन नेफ, ज्यांनी स्वतःविषयीच्या करुणेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला, ते ह्याला आगीच्या बंबवाल्यांचा शब्द वापरतात, बॅकड्राफ्ट. बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीचं दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरते आणि ज्वाळा उसळतात, तसं. खूप दिवस कोणी प्रेमाने विचारलेलं नसतं, आणि विचारलं की आतलं सगळं वर येतं. अशा वेळी ध्यान पुढे रेटायचं नाही. डोळे उघडा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा आणि लक्ष फक्त तळपायांवर ठेवा. टाच, चवडा, बोटं. निर्भय सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तळपायांची पद्धत २००३ साली मांडली, ती बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला राग आवरता यावा म्हणून. आता ती आईवडिलांनाही शिकवतात. ती मी थोरलीलाही शिकवली आहे.

वीस मिनिटं बसू नका. पाच पुरेत, आणि मुलगा जागा असताना तर त्याहून कमी. माझं बरंचसं ध्यान बसून होतच नाही. थोरली बुटाचा वेल्क्रो स्वतः लावते. अंगठा आणि तर्जनी पट्टीच्या टोकाशी येतात, चिमूट जुळते, पट्टी थोडी उचलली जाते आणि निसटते. पुन्हा. तिचा खालचा ओठ बाहेर येतो, जीभ कोपऱ्यात. बाहेर गाडी थांबलेली असते आणि माझे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. मी डोळे मिटत नाही. श्वास आत घेताना स्वतःसाठी म्हणते, 'हे मला जड जातंय, मला धीर येवो.' सोडताना तिच्यासाठी, 'तुलाही जड जातंय, तुलाही धीर येवो.' आत माझ्यासाठी, बाहेर तिच्यासाठी. हात पुढे करायचा नाही. एवढ्या वेळात कधी पट्टी बसते, कधी नाही, पण माझे खांदे मात्र खाली आलेले असतात आणि माझ्या आवाजात घाई नसते. तिला शब्दांपेक्षा आवाज जास्त कळतो.

उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंत. एलिझाबेथ डायकेन्स आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्यात ऑटिझम किंवा इतर अक्षमता असलेल्या मुलांच्या २४३ आया होत्या. त्यांना दोन गटांत विभागलं होतं, एका गटाला सजगतेचं ध्यान आणि दुसऱ्याला सकारात्मक मानसशास्त्रावर आधारलेला कार्यक्रम. दर आठवड्याला दीड तास, सहा आठवडे, आणि शिकवणाऱ्याही अशाच मुलांच्या प्रशिक्षित आया. दोन्ही गटांतला ताण, चिंता, नैराश्य कमी झालं. ध्यानाच्या गटात चिंता, नैराश्य आणि झोपेत जास्त फरक पडला. हे निव्वळ करुणाध्यान नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. करुणेच्या बाजूने नेफ आणि फासो ह्यांचा २०१५ चा अभ्यास आहे. त्यांना ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये असं दिसलं की पालक स्वतःशी किती मायेने वागतात ह्याचा त्यांच्या स्वास्थ्याशी संबंध आहे, आणि मुलाची लक्षणं किती तीव्र आहेत हे जमेस धरूनही तो उरतो. मायेमुळे स्वास्थ्य येतं की स्वास्थ्य असलेल्यांना माया जमते, हे त्यावरून ठरत नाही. नेफ ह्यांच्या स्वतःच्या मुलालाही ऑटिझम आहे, म्हणून मला त्यांचं लिहिणं आतून आल्यासारखं वाटतं.

शोकाबद्दल एक राहिलं. तो ध्यानाने संपणार नाही आणि संपवायचाही नाही. सायमन ओल्शान्स्की ह्या समुपदेशकाने १९६२ सालीच लिहून ठेवलंय की अशा पालकांचं दुःख आयुष्यभर सोबत राहणारं असतं आणि ते स्वाभाविक असतं, आजार नसतो. 'अजून स्वीकारलं नाही का?' असं विचारणाऱ्यांना तज्ज्ञांतूनच ते उत्तर होतं. बरोबरीची मुलं शाळेत जाऊ लागली की ते पुन्हा वर येतं. येऊ दे. फक्त त्याची जागा वेगळी ठेवा, मैत्रिणीजवळ, वहीत, समुपदेशकांसमोर. ध्यानाची पाच मिनिटं तरी त्याला देऊ नका.

स्पष्टच_लिहिते

सगळं वाचलं, चांगलं आहे, पण मला राग येतो आणि तो इथे लिहिणार आहे. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. इतक्या वर्षांत प्रत्येकाने मला काही ना काही करायला सांगितलं. योगा करा, डायरी लिहा, आता ध्यान करा. 'तू दोन तास बाहेर जाऊन ये, मी ह्याच्याजवळ बसतो' असं म्हणणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. एका ठिकाणी तर मी दमले असं म्हटल्यावर छापील कागद दिला, 'ताण कमी करण्याचे उपाय', आणि पुढच्या पालकांना आत बोलावलं. निजेची_वाट ताई, तुम्हाला झोप हवी आहे. तुम्हाला करुणा शिकवण्यापेक्षा एक रात्र कोणी तुमच्या मुलाजवळ झोपावं.

थोरलीची_आई

तुमचा राग रास्त आहे आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. विसाव्याच्या बदली ध्यान हातात टेकवणं हा अन्याय आहे. गटात नवीन आई आली की मी आधी तेच विचारते, रात्री कोण उठतं, आठवड्यात तुमचे स्वतःचे किती तास आहेत, मुलाला तुमच्याशिवाय कोणाजवळ राहायची सवय आहे. ह्याची उत्तरं मिळाल्याशिवाय डोळे मिटायला सांगत नाही.

ही थकावट शरीरात उतरते, मनाचे खेळ नाहीत ते. एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न ह्यांनी २००४ साली दीर्घ आजारी मुलांच्या आयांच्या पेशी तपासल्या. जितकी जास्त वर्षं आई मुलाला सांभाळत होती, तितकी गुणसूत्रांच्या टोकांवरची टेलोमिअर आखूड दिसली, आणि ती आखूड होणं पेशींच्या वय वाढण्याशी जोडलेलं आहे. ब्लॅकबर्न ह्यांना पुढे २००९ साली टेलोमिअरवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. घरातल्यांना 'मला बरं वाटत नाही' एवढ्याने पटत नसेल तर हे सांगा. एक रात्र सलग झोप हा उपचार आहे, चैन नाही.

फक्त एक भर घालते. आमच्या गटातल्या कितीतरी जणींना मदत मिळत नव्हती असं नाही, त्या मागतच नव्हत्या. आपलं मूल दुसऱ्यावर टाकायचं कसं, त्याला माझ्याशिवाय कळणार नाही, मी आई आहे. स्वतःसाठी 'मला धीर येवो' म्हणायची जीभ वळली, तेव्हा काहींची 'शनिवारी संध्याकाळी तुम्ही ह्याच्याजवळ बसाल का' असं दिराला, बहिणीला विचारायलाही वळली. सगळ्यांच्या बाबतीत असं झालं नाही. आणि ज्यांना विचारायलाच कोणी नाही त्यांच्यासाठी सोय उभी करायची जबाबदारी समाजाची आहे, त्या आईच्या श्वासाची नाही.

निजेची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पष्टच_लिहिते ताई, तुमचं वाचून नवऱ्याला वाचायला दिलं. शुक्रवारची रात्र त्याने घ्यायची असं ठरलंय, मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपणार.

डॉक्टरांची वेळही घेतली आहे. रडू मुख्यतः ध्यानातच येतं, पण भूक खरंच कमी झाली आहे, ते लिहायचं राहिलं होतं.

थोरलीची_आई, मी काल चौथीच्या वर्गातल्या माझ्या बाईंना समोर आणलं. त्या माझ्या वहीवर हात ठेवून बोलायच्या, तो हात दिसला. डोळे भरून आले, पण ते वेगळं होतं, छाती आवळली नाही. उठल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. हे बरोबर चाललंय का? आणि त्याला केव्हा आणायचं? त्याला कायमचं बाहेर ठेवलंय असं वाटून अपराधी वाटतं. आणि तो पंचवीस वर्षांचा दिसतो त्याचं काय करू?

थोरलीची_आई

अगदी बरोबर चाललंय. त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, हीच ती खूण. आणि डॉक्टरांची वेळ घेतलीत हे फार छान केलंत, भूक कमी झाल्याचं त्यांना नक्की सांगा.

बाईंबरोबर अजून काही आठवडे राहा. त्याला बाहेर ठेवलेलं नाही हो, तुम्ही बळ साठवताय ते त्याच्याच कामी येणार आहे. बाईंकडे सहज जाता येऊ लागलं, मग त्यांच्यानंतर स्वतःकडे, की त्याला आणा. पण दुःखाच्या दाराने आणू नका. 'तुझं दुःख दूर होवो' ने सुरुवात केली की डोळ्यांसमोर त्याला न जमणाऱ्या गोष्टीच येतात. बौद्ध परंपरेत मैत्री आणि करुणेबरोबर मुदिता आहे, दुसऱ्याच्या आनंदात आनंद. आपल्या मुलांच्या बाबतीत मी मुदितेपासून सुरू करते. तो कशाने खुलतो? नळाची धार, फिरतं चाक, तुमच्या केसांत बोटं घालणं, जे असेल ते. त्या क्षणाचा तो घ्या. हात कसे हलतात, घशातून आवाज कसा येतो, सगळं सावकाश बघा आणि म्हणा, 'तुझा हा आनंद टिको, वाढो.' ह्यात वय नाही, टप्पा नाही, तुलना नाही. थोरली हातात पाण्याची बाटली धरून आतले बुडबुडे उजेडात बघते आणि खांदे उडवून हसते. तिच्यासाठी म्हणायचं माझं पहिलं वाक्य गेली कित्येक वर्षं त्या बुडबुड्यांपासून सुरू होतं. हे सहज होऊ लागलं की मग त्याच बसण्यात शेवटी करुणेचं एखादं वाक्य, तेही आजच्या छोट्या त्रासापुरतं. 'आज तुझं पोट दुखत होतं, बरं वाटो.' एवढंच.

पंचवीस वर्षांचा तो येईलच. त्याला हाकलू नका, पण ध्यानात त्याच्याशी बोलतही बसू नका, कारण त्याचे प्रश्न कामाचे आहेत. आपल्यानंतर पालकत्व कोणाकडे, पैशाची तरतूद कशी, तो राहणार कुठे, त्याच्या सवयी कोणाला माहीत असतील. ह्यासाठी एक वही करा, आणि नवऱ्याबरोबर दिवसाउजेडी, पोटभर झोप झाल्यावर, तिच्यासमोर बसा. वकिलांना आणि मोठ्या मुलांच्या पालकांना विचारा. मी थोरलीसाठी अशी वही केली आहे. ती कशाने घाबरते, कोणत्या कुशीवर झोपते, औषध कशात मिसळून घेते, इथपासून सगळं त्यात आहे. ध्यानात तो मोठा मुलगा दिसला की मनात म्हणा, 'तुझ्यासाठी वही आहे', आणि बाईंच्या हाताकडे परत या.

वीस मिनिटांचं ते रेकॉर्डिंग तूर्त बंद करा, आणि समुपदेशक बाईंना हा क्रम दाखवा. त्यांच्याकडे येणाऱ्या बाकीच्या आयांनाही उपयोग होईल. बाईंना हवं असेल तर गटात मी सांगते तो क्रम लिहून इथे टाकते, एका पानात मावतो.

निजेची_वाट

हो, प्लीज टाका. सोमवारी सेशन आहे, प्रिंट काढून घेऊन जाते.